विश्लेषण : ‘मुस्तफा’ विकत का मिळत नाही? जुन्या व्हिडीओ गेमच्या डिजिटल बाजाराचे गणित काय?

नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या व्हिडीओ गेम पार्लरमध्ये ज्यांची शाळेची मधली सुट्टी गेली, त्यांना पिवळ्या टोपीतला ‘मुस्तफा’ नव्याने सांगावा लागत नाही. आज हीच पिढी स्वतःच्या पैशाने कन्सोल घेऊ शकते, तरी हा गेम त्यांना कोणत्याही अधिकृत डिजिटल दुकानात मिळत नाही. दुसरीकडे, पुण्यातच तयार झालेला ‘राजी’ हा गेम जगापुढे आला तो थेट डिजिटल दुकानातूनच. एक गेम दुकानात पोहोचू शकला नाही आणि दुसरा प्रामुख्याने दुकानाच्या भरवशावर टिकून आहे. जुने गेम पुन्हा बाजारात कसे येतात, कोणते येत नाहीत आणि दुकान बंद झाल्यावर काय होते, याचा हा आढावा.

‘मुस्तफा’ अडकला कुठे?

भारतात ‘मुस्तफा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये पार्लरमधील यंत्रांसाठी आणला. मुस्तफा कैरो हे त्यातील चार नायकांपैकी एकाचे नाव. आपल्याकडे तेच गेमचे नाव होऊन बसले. गेमची कथा मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथामालिकेवर आधारलेली आहे आणि नावातील ‘कॅडिलॅक’ हा जनरल मोटर्सचा मोटारींचा ब्रँड. म्हणजे गेम लिहिला कॅपकॉमने, पात्रे दुसऱ्याची आणि नाव तिसऱ्याचे. तो पुन्हा विकायचा तर या सगळ्यांशी नव्याने करार करावे लागतात.

कॅपकॉमने जुने गेम कपाटात कुलूप लावून ठेवलेले नाहीत. २०१८ मध्ये कंपनीने याच धाटणीच्या सात मारधाडपटांचा संच नव्या कन्सोलवर आणला. त्यात ‘फायनल फाइट’, ‘कॅप्टन कमांडो’ आणि ‘नाइट्स ऑफ द राऊंड’ होते, ‘मुस्तफा’ नव्हता. २०२१ च्या ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ या मोठ्या संचातही तो आला नाही. मात्र हक्कांचा गुंता कधीच सुटत नाही, असेही नाही. ‘द पनिशर’ हा १९९३ चाच गेम मार्व्हलच्या पात्रांमुळे अनेक वर्षे असाच अडकला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्व्हल आणि कॅपकॉमच्या एकत्रित संचातून तो परत आला. हक्कधारकांना व्यवहारात फायदा दिसला, की वाट निघते. ज्या गेमचे चाहते प्रामुख्याने भारतासारख्या, या कंपन्यांच्या हिशेबात धाकट्या असलेल्या बाजारात आहेत, त्याच्यासाठी वकिलांची फी कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे.

जुना गेम नव्या कन्सोलवर येतो कसा?

याच्या ढोबळमानाने तीन पद्धती आहेत. पहिली एम्युलेशनची. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहायचा आणि त्यावर मूळ गेम जसाच्या तसा चालवायचा. जपानची हॅम्स्टर ही कंपनी २०१४ पासून ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या मालिकेतून असे पार्लरचे गेम एकेक करून आणते आहे. दुसरी पद्धत पोर्टची, म्हणजे मूळ सोर्स कोड घेऊन तो नव्या यंत्रासाठी जुळवून घेण्याची. तिसरी, तोच गेम नव्या चित्रांसह पुन्हा बांधण्याची.

दुसऱ्या पद्धतीत एक अडचण वारंवार येते, ती म्हणजे मूळ कोडच सापडत नाही. ‘किंगडम हार्ट्स’ची नवी आवृत्ती करताना मूळ सामग्री हरवल्याचे लक्षात आले आणि बराचसा भाग नव्याने उभा करावा लागला. ‘सायलेंट हिल’च्या नव्या संचाच्या वेळी हाती आलेला कोड अंतिम नव्हताच, त्या संचातील चुकांबद्दल खेळाडूंनी बराच संताप व्यक्त केला. संगीताची अडचण वेगळी. ‘क्रेझी टॅक्सी’ डिजिटल दुकानात परतला तेव्हा त्यातील गाजलेली गाणी आणि खऱ्या दुकानांची नावे गायब होती, कारण त्यांचे करार संपले होते.

दुकानात तो खपवला कसा जातो?

जुन्या गेमची जाहिरात नव्या गेमसारखी करून भागत नाही. तो आधीच ओळखीचा असतो, त्यामुळे भर असतो आठवण आणि वेळ साधण्यावर. गेमला २५ वा ३० वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त, त्याच नावाचा चित्रपट किंवा नवा भाग येण्याचा मुहूर्त, सणासुदीची सवलत, एका सुट्या गेमऐवजी दहा गेमचा संच अशा युक्त्या वापरल्या जातात. ‘अटारी ५०’ या २०२२ च्या संचाने आणखी वेगळी वाट धरली. गेमसोबत मुलाखती, जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे देऊन त्याने खेळता येणारे संग्रहालयच विकले.

काही वेळा टंचाई मुद्दाम निर्माण केली जाते. निंटेंडोने मारिओच्या तीन जुन्या गेमचा संच सप्टेंबर २०२० मध्ये आणला आणि ३१ मार्च २०२१ नंतर त्याची विक्री थांबवली. डिजिटल प्रतीला ना छपाईचा खर्च, ना गोदामाचे भाडे. तरीही ‘स्टॉक संपतोय’ची घाई लावली, की गिऱ्हाईक लवकर पाकीट काढते.

दुकानाचा पहिला पडदा हीच सर्वात महागडी जागा असते. तिथे कोण दिसणार, हे दुकान चालवणारी कंपनी ठरवते आणि प्रत्येक विक्रीतील साधारण ३० टक्के वाटाही घेते. या जागेचे मोल पुण्याला चांगले माहीत आहे.

पुण्याचा यात संबंध काय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ तयार केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या राजीची ही कथा पौराणिक कल्पनांवर बेतलेली आहे. चित्रांवर पहाडी शैलीचा प्रभाव आहे आणि मधले प्रसंग कळसूत्री छायानाट्यासारखे उलगडतात. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, पण काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी निंटेंडोच्या ‘इंडी वर्ल्ड’ या ऑनलाइन कार्यक्रमात हा गेम झळकला आणि त्याच दिवशी स्विच कन्सोलच्या दुकानात विक्रीला आला. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर तो ऑक्टोबरमध्ये पोहोचला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमसाठीच्या नामांकनांत त्याचे नाव होते. गंमत अशी, की ज्या स्विचवर हा पुणेरी गेम सर्वात आधी आला, तो कन्सोल निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती.

अभिजात गेमशीही पुण्याचे नाते आहे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ची जपानी हक्कधारक बंदाई नामको, तिच्या अधिकृत मोबाइल गेमचे काम पुण्याच्या सुपरगेमिंगने पाहिले. म्हणजे जुने गेम नव्या यंत्रांवर नांदते ठेवण्याचे कसब या शहरात आहे.

दुकानच बंद झाले तर?

हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. निंटेंडोने २००६ मध्ये वी कन्सोलसोबत ‘व्हर्च्युअल कन्सोल’ नावाने जुने गेम सुटे विकायला सुरुवात केली. वीचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. वी यू आणि थ्रीडीएसच्या दुकानांतील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबली आणि एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटाची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते. खेळाडूंच्या नाराजीनंतर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घेतला गेला. ‘स्कॉट पिलग्रिम’वरचा गेम २०१४ च्या अखेरीस दुकानांतून नाहीसा झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये परतला. मधली सहा वर्षे तो कायदेशीररीत्या नव्याने विकत घेण्याचा मार्गच नव्हता.

नुकसान किती मोठे आहे, याचा अंदाज व्हिडीओ गेम हिस्टरी फाऊंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून येतो. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. उरलेले १३ टक्के म्हणजे बहुतांशी जे पुन्हा खपतील, असे कंपन्यांना वाटले ते.

‘विकत घेणे’ म्हणजे नेमके काय?

डिजिटल दुकानात ‘बाय’चे बटण दाबणारा ग्राहक प्रत्यक्षात गेम खेळण्याचा परवाना घेत असतो. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम सुरूच होईनासा झाला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये युरोपातील तिच्या निवेदनावर १० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे परवाना विकताना तो परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

भारतीय ग्राहकाच्या वाट्याला आणखी थोडे कमी येते. प्लेस्टेशन प्लसची सर्वात वरची श्रेणी इथे ‘डिलक्स’ नावाने मिळते. तिच्यात जुन्या गेमचे दालन आहे, पण क्लाऊड स्ट्रीमिंगची सोय नाही. प्लेस्टेशन ३ चे जे जुने गेम इतर देशांत केवळ स्ट्रीमिंगने खेळता येतात, ते इथे मिळत नाहीत. वर्गणी थांबली, की हे दालनही बंद.

भारतीय कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीइतकेच संरक्षण आहे. ‘मुस्तफा’ची प्रत इंटरनेटवरून उतरवून घेणे सर्रास चालते, पण ‘कंपनी विकत नाही’ हे त्याचे कायदेशीर समर्थन होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने एक खिडकी मात्र उघडली. कलम ५२ नुसार, बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. अट अशी, की त्या कृतीची बिगरडिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. पुस्तकासाठी ही अट रास्त आहे. जो गेम फक्त डाऊनलोड म्हणूनच जन्मला, त्याची बिगरडिजिटल प्रत ग्रंथालयाने आणायची कुठून? त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५अ कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. जतनासाठी कुलूप उघडणारी संस्था त्यामुळे साशंकच राहणार.

मग करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला पुण्याइतकी योग्य जागा नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये याच शहरात सुरू झाले. तोवर बराच उशीर झाला होता. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही आणि मूकपटांपैकी फार थोडे उरले आहेत. प्रदर्शन संपले, की चित्रपटाचे काम संपले, अशीच तेव्हाची समजूत होती. पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकाने निर्मात्यांचे उंबरे झिजवले, म्हणून दादासाहेब फाळकेंच्या आणि प्रभातच्या चित्रपटांविषयी आज पडद्याकडे पाहून बोलता येते.

भारतीय गेम आज त्याच वळणावर आहेत. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स क्षेत्रासाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. त्याभोवतीची चर्चा गुंतवणूक आणि रोजगाराची राहिली, आणि ते स्वाभाविकही आहे. पण ज्या गेमला सरकारी अनुदान वा सवलत मिळेल, त्याची चालणारी प्रत, सोर्स कोड आणि मूळ चित्र-संगीत एका सार्वजनिक संस्थेकडे जमा करण्याची अट घालायला फारसा खर्च येणार नाही. गेम बाजारात आहे तोवर ती प्रत कुलूपबंद राहावी. दुकानातून तो उतरला, की अभ्यासकांना संस्थेच्या आवारात पाहता यावी. छापील पुस्तकांसाठी ग्रंथालयांना प्रती देण्याचा कायदा या देशात १९५४ पासून आहे. तेच तत्त्व पुढे न्यायचे आहे. त्यासोबत कलम ५२ मधील बिगरडिजिटल प्रतीची अटही बदलावी लागेल.

यावर कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे. फुकट प्रती बाहेर गेल्या, तर जुन्या गेमची विक्री बुडेल. अमेरिकेत २०२४ मध्ये ग्रंथालयांनी दूरस्थ अभ्यासासाठी मागितलेली सवलत याच भीतीपोटी नाकारली गेली. ही भीती पूर्णपणे निराधार नाही, कारण जुन्या गेमचा बाजार खरोखर वाढतो आहे. पण जो गेम कंपनी स्वतःच विकत नाही, त्याची विक्री बुडणार कशी, याचे उत्तर त्या भीतीत नाही.

‘मुस्तफा’ची काळजी निदान जगभरचे चाहते घेतात. ‘राजी’सारख्या गेमची प्रत तीस वर्षांनी कुणाकडे असेल, हे आज ठरवावे लागेल. चित्रपटाच्या बाबतीत हा धडा शिकायला देशाला काही दशके लागली आणि तोवर बहुतेक मूकपट हातचे गेले होते. गेमच्या बाबतीत बनवणारी मंडळी अजून याच शहरात आहेत आणि त्यांच्या संगणकावरचा कोड अजून चालतो आहे. दुकान बंद होण्याची तारीख मात्र पुण्यात ठरत नाही.