मुक्या सोबत्याचे ताट



मागील अंकात पांजरपोळातील वृद्ध जनावरांच्या निगेविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक वेगळाच विषय वारंवार डोकावला. एका भगिनीने विचारले आहे, "नातवाच्या हट्टापायी घरात कुत्रे आले. आमचे स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी. त्याला आमच्याच अन्नावर ठेवले, तर त्याच्यावर अन्याय होतो का?" दुसऱ्या एका गृहस्थांनी लिहिले आहे, "जंतांचे औषध दिले की जंत मरणार, गोचिडांचे औषध लावले की गोचिडी मरणार. व्रती माणसाने काय करावे?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. म्हणून आजचा लेख त्यांच्या उत्तरादाखल.

प्रारंभी एक प्रसंग सांगतो. सांगली भागातील एका बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या घरी तीन वर्षांचा एक कुत्रा होता. घरातल्या सर्वांचा लाडका. दिवाळीच्या सुमारास नमुन्याच्या बेदाण्यांचा एक डबा रात्री उघडा राहिला आणि त्याने तो जवळजवळ रिकामा केला. पहाटे उलट्या झाल्या. "गोड जास्त झाले, अजीर्ण असेल," असे म्हणून घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, तेव्हा त्याला माझ्याकडे आणले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. सलाईन, औषधे, सर्व केले. पाचव्या दिवशी तो गेला. घरातले वडीलधारे काका बराच वेळ खुर्चीवर बसून होते. मग म्हणाले, "डॉक्टर, आमच्या पेढीतला सर्वांत उत्तम माल होता हो तो. घरातली पोरेही रोज त्याला दोन-चार दाणे भरवायची."

त्या घरात प्रेमाची उणीव नव्हती. उणीव होती ती माहितीची. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊनही काही होत नाही, तर दुसऱ्याला त्याहून थोडक्यात विषबाधा होते. म्हणून याचे निर्धोक प्रमाण असे काही नाही. प्रसादाचा शिरा, खीर, सुकामेव्याचे लाडू यांतले दोन बेदाणेही त्याच्या ताटलीत नकोत.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो का? राहू शकतो, पण आपल्या ताटातल्या उरल्यासुरल्यावर नव्हे. मांजर हा पूर्णतः मांसाहारी देह आहे. मांजराला शाकाहारी करण्याचा प्रयत्न कोणी करू नये, आणि ज्या घराला ते मान्य नसेल त्याने मांजर पाळू नये. कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. हजारो वर्षे माणसाच्या उंबरठ्याशी राहून त्याच्या शरीराने पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती मिळवली आहे. लांडग्याच्या तुलनेत ही शक्ती त्याच्यात पुष्कळ अधिक आहे. तरीही त्याच्या गरजा आपल्यासारख्या नाहीत.

हिशेबाच्या भाषेत सांगतो. घरात राहणाऱ्या, मध्यम हालचाल करणाऱ्या दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे कॅलरी लागतात. तूप लावलेल्या पाच-सहा चपात्यांतच हा आकडा गाठला जातो. कुत्रा तृप्त दिसतो, वजनही वाढते. परंतु उत्तम प्रतीची प्रथिने, कॅल्शियम, जस्त, 'ड' आणि 'ब-१२' जीवनसत्त्वे यांचे खाते उणेच राहते. आपण कोवळ्या उन्हात बसून 'ड' जीवनसत्त्व मिळवतो. कुत्र्याच्या त्वचेला ते पुरेसे तयार करता येत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. केवळ चपाती-दूध किंवा वरण-भात यांवर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, केस निस्तेज होतात. काही कुत्र्यांत टॉरिन या घटकाच्या कमतरतेने हृदयाचे स्नायू दुर्बळ होतात. हे नुकसान सावकाश होते, म्हणूनच ते वेळेवर दिसत नाही.

यावर मार्ग दोन. पहिला आणि सोपा मार्ग म्हणजे कुत्र्यांसाठीच बनवलेला तयार शाकाहारी आहार. पिशवीवर तो 'पूर्ण व संतुलित' असल्याचे आणि कोणत्या वयासाठी आहे ते लिहिलेले असावे; नुसत्या 'शुद्ध शाकाहारी' या शब्दांवर जाऊ नये. दुसरा मार्ग घरी शिजवण्याचा. भात, मऊ शिजवलेली मूग किंवा मसूर डाळ, चांगले शिजवलेले सोयाबीन, पनीर, साधे दही आणि दुधी, दोडका, लाल भोपळा, फरसबी अशा भाज्या हा त्याचा पाया. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या घरांची येथे काहीच अडचण होत नाही. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही-पनीर एका वेळी आणि डाळ दुसऱ्या वेळी द्यावी; कुत्र्याचे त्यात काही बिघडत नाही. मात्र या जेवणात कॅल्शियम, जीवनसत्त्वे आणि टॉरिन यांची पूरके पशुवैद्याने वजन पाहून ठरवून दिलेली हवीत. ती अंदाजाने घालण्याची वस्तू नाही. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. वाढती पिल्ले आणि गाभण किंवा अंगावर पाजणारी मादी यांच्या बाबतीत घरगुती आहाराचा प्रयोग करूच नये. त्यांना योग्य तो तयार आहारच द्यावा.

दुधाविषयी एक शब्द. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक कुत्र्यांना दुधातील साखर नीट पचत नाही. जुलाब होत असतील तर आधी दुधाची वाटी बंद करावी.

बेदाण्यांखेरीज आणखी काही पदार्थ घरात सर्वांना ठाऊक असावेत. चॉकलेट, चहा-कॉफी यांनी हृदयाचे ठोके बिघडतात. साखरविरहित च्युइंगम आणि काही मिठायांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने काही मिनिटांतच कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेही मंडळी असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आपल्या घरात ते येत नाहीत हे त्याचे भाग्यच. पण बाहेरून आणलेल्या फरसाणात आणि समोशात ते असतात. तळण आणि तुपाची मिठाई एकदम पुष्कळ खाल्ली तर स्वादुपिंडाला सूज येते. सणाच्या दुसऱ्या दिवशी असे रुग्ण नेहमी दिसतात. आणि आपल्या औषधांच्या डब्यातील पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मनाने कधीही देऊ नये. यांपैकी काही पोटात गेल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, तत्काळ पशुवैद्याला फोन करावा. पहिले एक-दोन तास फार मोलाचे असतात. मिठाचे पाणी पाजून घरीच उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. त्यानेही जीव जातो.

जेवणाच्या वेळांबाबत आपल्या घरांची शिस्त कुत्र्याला उत्तम मानवते. प्रौढ कुत्र्याला सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी, असे दोन वेळा ठरलेल्या वेळी जेवण पुरते. लहान पिल्लांना मात्र दिवसातून तीन-चार वेळा द्यावे लागते. आपला चौविहार त्याच्यावर लादू नये. पाण्याचे भांडे रात्रीही भरलेले असले पाहिजे. गाळलेले, उकळून थंड केलेले पाणी त्यालाही चांगलेच. पर्युषणात घरात चूल पेटली नाही तरी त्याची ताटली वेळेवर भरावी. उपवास हा स्वेच्छेने करावयाचा आहे. ज्याला पच्चक्खाण घेता येत नाही, त्याच्या वाट्याला आली तर ती केवळ उपासमार.

आता दुसरा, अवघड प्रश्न. गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात घातक परजीवी शिरतात. ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते. उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. पोटातील गोल जंतांची अंडी विष्ठेवाटे अंगणात पडतात आणि तेथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. धर्माचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. तो आपण गुरुजनांना विचारावा. वैद्य म्हणून एवढेच सांगतो की उपेक्षेने जीवहिंसा टळत नाही, वाढते. आज एका मादी गोचिडीकडे दुर्लक्ष केले, तर ती भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते आणि पुढे संपूर्ण घर फवारण्याची वेळ येते. फिरून आल्यावर रोज कंगवा फिरवणे, कानामागे व बोटांच्या बेचक्यांत पाहणे, अंथरूण उन्हात घालणे, फटी बुजवणे आणि विष्ठा लगेच उचलणे एवढे नियमाने केले, तर औषधाची गरज पुष्कळ कमी होते. त्यावर पशुवैद्याने सांगितलेले प्रतिबंधक औषध वेळेवर दिले, म्हणजे ती मोठी फवारणी बहुधा टळते.

लसीकरणात मात्र तडजोड नाही. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्व्हो आदी रोगांच्या लसी सुरू कराव्यात आणि चार महिन्यांचे होईपर्यंत ठरल्या अंतराने पुन्हा द्याव्यात. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, नंतर ती दरवर्षी. कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. हळद-चुना लावून वेळ घालवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागली की त्यावर उपाय उरत नाही.

शेवटी एक सुचवतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कुत्रा पाळणाऱ्याने हे पाच शब्द आपल्या अंगणात उभे राहून एकदा मनाशी उच्चारावेत. गोदामाच्या दाराशी दिवसभर साखळीने बांधलेला कुत्रा, शिकवण्याच्या नावाखाली उगारलेली काठी, निव्वळ शोभेसाठी कापलेले कान व शेपूट, भर उन्हात पत्र्याच्या छपराखाली दिलेली राखण, सुटीला गावी जाताना रिकामी राहिलेली पाण्याची वाटी. एवढे पाहिले तर व्रताची कसोटी घराच्या दारातच लागते. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांची जात हौसेने सोलापूर-जळगावच्या उन्हाळ्यात आणणे, हाही त्याच्यावर टाकलेला भारच. पाळायचेच असेल तर आपल्या मातीतले गावठी पिल्लू घ्यावे. येथले हवामान त्याला मानवते आणि बहुधा त्याला घराची गरजही अधिक असते.

ते काका गेल्या वर्षी पुन्हा आले. सोबत एक तांबूस गावठी पिल्लू होते. लसींची तारीख विचारून झाल्यावर म्हणाले, "बेदाण्यांचा डबा आता कुलपात असतो, डॉक्टर."

आजच आपल्याही घरातला डबा किती उंचीवर आहे, तेवढे पाहून घ्यावे.