दात शरीराबाहेर असतात काय?

लोकांच्या अर्जांवर शेरे मारण्यात माझी अर्धी हयात गेली. परवा माझ्याच अर्जावर शेरा आला: 'नामंजूर'. वाळपईत दाढेचं रूट कॅनल केलं, विमा कंपनीला बिलं पाठवली. कारण काय, तर मी २४ तास इस्पितळात दाखल नव्हतो! अहो, दाढेसाठी खाट कोण अडवतो? २०२० साली आलेली 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीही आजार-अपघातातले दंतोपचार मानते, पण दाखल झालात तर. म्हणजे जबडा मोडून घ्या, पैसे मिळतील. वेळीच कीड काढणाऱ्याने खिशात हात घालावा. बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे, पण सत्तरीतून दर खेपेला एक रजा खर्ची पडते. शेरा मारणाऱ्यांनो, दात शरीरातच असतात, एवढी तरी फाईलवर नोंद घ्या!