पापडाचा डबा आणि वेल्डिंगची कांडी



मृगाच्या सरी कोसळण्यापूर्वीच आपल्या घरांतील माताभगिनी पापड, सांडगे व कुरडया कडक उन्हात वाळवून पत्र्याच्या डब्यांत घट्ट बंद करून ठेवितात. उघडा राहिलेला पापड आपल्या खानापूरकडील पावसात लगेच सादळतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच घरच्या चिरंजीवांनी पडवीत वेल्डिंगचे दुकान थाटले असेल, तर कांड्यांचे पुडे मात्र तोंड फाटलेल्या स्थितीत जमिनीवर, ओल्या भिंतीला टेकून पडलेले दिसतात!

अशाच एका दुकानात श्रावणात सांधलेला ट्रॉलीचा हूक ऊसतोडीच्या दिवसांत चढावावर निखळला. सुदैवाने मागे कोणी चालत नव्हते. तुटल्या जागी सांध्याच्या पोटात अळीने पोखरल्याप्रमाणे छिद्रे होती.

ही छिद्रे कोठून येतात? कांडी म्हणजे लोखंडी तार व तिच्यावरील लेप. असा लेप देण्याची युक्ती स्वीडनचे ऑस्कर केलबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास काढली. लेप जळून निघणारा वायू वितळलेल्या रसाचे हवेपासून रक्षण करितो आणि वर मळीचे कवच धरते. पण लेपच ओला असेल, तर त्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन रसात शिरतो. थोडा बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो. ती छिद्रे तरी कधी दिसतात. जो धातूतच मुरून राहतो तो अधिक घातक. जाड अथवा कडक पोलादात, उदाहरणार्थ कमानीच्या पात्यात, तो सांध्यालगत तडा पाडतो, आणि हा तडा कित्येकदा काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनी पडतो. तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेले असते.

सर्व कांड्यांना एकच उपाय लागू नाही. नेहमीच्या ६०१३ ला किंचित ओल चालते; सादळल्यास सुमारे १०० ते १२० अंश सेल्सिअस उष्णतेत तासभर ठेवणे पुरते. भार पेलणाऱ्या कामाची ७०१८ मात्र फार नाजूक. ती ओलावली तर ३०० अंशांच्या वर भाजावी लागते, आणि पुडा उघडल्यावर १२० अंशांच्या आसपास गरम पेटीत ठेवणे इष्ट. याउलट ६०१० च्या लेपात थोडी ओल हवीच. ती भाजली की बिघडली. नक्की अंश व वेळ पुड्यावर छापलेली असते, ती वाचावी. चुलीच्या निखाऱ्यावर कांड्या शेकू नयेत, लेप करपून गळतो. गावच्या बेकरीच्या भट्टीचा मोहही नको. ७०१८ च्या लेपात फ्लोराइड असते, आणि त्या भट्टीत आपला पाव भाजतो. लेपावर पांढरी बुरशीसारखी लव आली असेल अथवा तारेच्या टोकाला तांब चढली असेल, तर ती कांडी भाराच्या कामास वापरू नये.

साठवणीस फार खर्च नको. भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच फळी असावी. जुने लोखंडी कपाट मिळाल्यास खाली-वर चार भोके पाडून तळाशी ६० वॅटचा जुन्या तऱ्हेचा, तारेचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवावा. (नवा एलईडी दिवा येथे निरुपयोगी, कारण तो पुरेसा तापत नाही.) त्याने चांगल्या कांड्या कोरड्या राहतात, भिजलेली ७०१८ मात्र सुधारत नाही. एका वेळी एकच पुडा फोडावा, तोही जुना आधी. तारेचे रीळ रात्री यंत्रावरून काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे.

गंज दिसला की तेल लावावे, ही आपली जुनी सवय. विळ्या-कोयत्याला ती योग्य. पण तारेला तेल लागले तर पुन्हा तीच छिद्रे पडतात, आणि ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या तोटीस तेलाचा थेंबही लागला तर भडका उडू शकतो. तेथे केवळ स्वच्छ, कोरडे फडके फिरवावे. कार्बाइडचा डबा कौले गळतात त्या जागेपासून दूर ठेवावा. पाणी लागताच त्यातून ज्वालाग्राही वायू निघू लागतो.

त्या हूकवाल्या दुकानात आता कपाट आले आहे. त्याच्या वरच्या फळीवर आईने पापडाचे डबे मांडू पाहिले, तेव्हा चिरंजीवांनी ते हळूच स्वयंपाकघरात परत नेऊन ठेविले.