पावसाआधी ताडपत्री पोचवा

मे संपत आलाय. मिझोरामच्या डोंगरात पाऊस धरला की दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात, मदतीचा ट्रक वाटेतच अडकतो. म्हणून ब्रह्मदेशातून तिथे आलेल्या निर्वासितांसाठी तुम्ही आजच ठरवा.

ब्रह्मदेश म्हटलं की गिरगावकरांना टिळकांचं मंडाले आठवतं. त्याच देशात १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि पुढे गावांवर विमानांतून बॉम्ब पडू लागले. तिथली करेन कुटुंबं तर १९८४पासून थायलंडच्या छावण्यांत दिवस काढताहेत. त्यांत आणखी भर पडली. सीमेपलीकडचे चिन लोक पोरंबाळं घेऊन तियाव नदी उतरले आणि मिझोरामात, म्हणजे आपल्याच देशात आले. असे सुमारे ३०,००० जण तिथे आहेत.

२०११च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या ११ लाखसुद्धा नव्हती. तेच प्रमाण मुंबईला लावा: तीन लाखांवर माणसं आपल्या दारात उभी राहतील! सीमा रोखा, असं केंद्राने कळवलं, तरी मिझो लोकांनी दार लावलं नाही. चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनच्या गावोगावच्या शाखांनी तांदूळ, कपडे, पैसे गोळा केले. पण पाच वर्षं झाली. त्यांनी एकट्यांनी किती दिवस पोसायचं?

बांबूचं खोपट आणि वर ताडपत्री, एवढंच छप्पर. उन्हाने ती तडकते, पुढच्या पावसात गळते. मग बाई चुलीवर भांडं धरते आणि ओल्या लाकडाचा धूर तान्ह्याच्या छातीत जातो. हातात कागद नाहीत, त्यामुळे रीतसर कामही नाही.

लालबाग-परळकरांनो, चूल थंड पडणं काय असतं हे तुम्हाला कुणी सांगायला नको. १९८२च्या गिरणी संपात कितीतरी बिऱ्हाडं गावाकडच्या धान्यावर तगली. तेव्हा कुणी हिशेब मांडला नव्हता. आता तुम्हीही मांडू नका.

जुन्या साड्यांची गाठोडी मात्र बांधू नका. ती सायरांगपर्यंत रेल्वेने जातील, पण पुढे सीमेवरच्या झोखावथारपर्यंतच्या घाटरस्त्याचं भाडं कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होईल. पैसे द्या, तांदूळ, औषधं, ताडपत्री तिकडेच घेता येतील. अनोळखी क्यूआर कोडवर पैसे टाकू नका. वाशीच्या मिझोराम भवनात आधी विचारा, काय हवंय, कुठे पाठवायचं, मगच पाठवा.

आणि गणेश मंडळांनो, लवकरच तुमची पावतीपुस्तकं छापायला जातील. वर्गणीतला काही भाग आधीच बाजूला काढा. मखराची एखादी झालर कमी झाली तर बाप्पा रागावणार नाही, कार्यकर्ते कुरकुरतील तेवढंच!

येत्या रविवारी बैठक लावा. विषय हा एकच ठेवा. आणि रक्कम ठरल्याशिवाय उठू नका.