विहिरीचं पाणी बाटलीत गेलं, निकाल कुठं गेला?



गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत पावसाळा संपला की एक नवं पीक उगवतं. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी, हातात छापील फॉर्म. ही विद्यापीठाची पोरंपोरी. तालुक्याजवळच्या पर्यावरण संशोधन केंद्रात शिकाऊ म्हणून, त्यांच्या भाषेत ‘इंटर्नशिप’ला आलेली. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे काम पदवीच्या अभ्यासक्रमातच आलं. ३० तास भरले की एक क्रेडिट. पोरांना तास भरायचे, केंद्राला फॉर्म भरायचे. आणि आपण? आपण वेचणी थांबवून उत्तरं द्यायची.

आधीच सांगून टाकतो, राग पोरांवर नाही. त्यातली कितीतरी आपल्याच घरांतली आहेत. बापाने कापूस विकून त्यांची फी भरली. एसटीचं भाडं त्यांच्याच खिशातून, दुपारचा डबा खोलीवरून. केंद्राचं काम फुकटात करतात आणि शेवटी एक कागद घेऊन परत जातात. ज्यांनी ही रीत बसवली, भांडण त्यांच्याशी आहे.

माझ्याच विहिरीची गोष्ट घ्या. दोन वर्षांपूर्वी ऐन वेचणीत एक मुलगा आणि एक मुलगी आली. माझ्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, वर माझं नाव आणि गट नंबर लिहिला. ‘काका, निकाल कळवतो’ म्हणाली. होळी गेली, पेरणी झाली, पोळा झाला. निकाल नाही. पुढच्या वेचणीला दुसरी पोरं आली, त्यांच्या फायलीत मागल्या सालचा तक्ता होता. त्यात माझी विहीर होती. पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याची मर्यादाच ४५ आहे.

हे नायट्रेट वासाला येत नाही, चवीला लागत नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट घट्ट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला अशा पाण्यात दूध कालवून दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, लेकरू निळं पडतं. माझ्या विहिरीवर दोन घरं पाणी भरतात आणि शेजारच्या घरात त्या साली बाटलीवरचं तान्हं होतं. लेकरू सुखरूप आहे. ते दैवाने, केंद्राने त्यासाठी काहीच केलं नव्हतं.

मी केंद्रात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, ‘माहिती गोपनीय असते, नावं उघड करता येत नाहीत.’ वा रे गोपनीय! विहीर माझी, पाणी माझं, नाव माझं, आणि ते माझ्यापासूनच लपवायचं? शेजाऱ्याला सांगू नका, हे समजू शकतो. पण ज्याच्या घरात ते पाणी पितात, त्याला न सांगणं याला गोपनीयता म्हणत नाहीत, बेपर्वाई म्हणतात.

अहवालाच्या शेवटी निष्कर्ष काय? ‘शेतकऱ्यांमध्ये जागरूकतेचा अभाव.’ हे वाक्य आता पाठ झालं आहे. नायट्रेट वाढलं, कारण शेतकरी युरिया जास्त टाकतो. का टाकतो, हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. १९९२ साली सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं नियंत्रण काढलं, त्यांचे भाव चढले. युरिया मात्र धरून ठेवला. आज युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास आणि डीएपीची ५० किलोची १,३५० ला. ज्याच्या खिशात पावसाच्या भरवशाशिवाय काही नाही, तो कोणती गोणी उचलेल? दिल्लीत ठरलेल्या भावाचा हा परिणाम, आणि तो जमा होतो आमच्या अडाणीपणाच्या खात्यावर. विहीर गोठ्याजवळ असते, उकिरडा वर असतो, ही आपली चूकही आहे. ती आपण मान्य करू आणि सुधारू. पण ती कळायला निकाल हाती यायला हवा ना?

फवारणीचंही तेच. ‘हातमोजे घालता का?’ उत्तर नाही. लागली खूण. ऊन किती होतं, मोजे तालुक्यात मिळतात का, औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं कोणाला वाचता येतात, हे कोणी लिहून घेत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही बोट आधी गेलं ते फवारणाऱ्याकडेच.

आपल्यातले काही गडी म्हणतात, या पोरांना शिवारात पाऊलच ठेवू देऊ नका. मला हे पटत नाही. मोजमापाची गरज आपल्यालाच जास्त आहे. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आली, तेव्हा कोरडवाहूसाठी १० हेक्टरला एक नमुना असा हिशेब ठरला. म्हणजे २५ एकरांत एक. त्यात माझी बरड, शेजाऱ्याची काळी आणि नाल्याकाठची गाळाची; तिघांना एकच चिठ्ठी! याच पोरांनी धुऱ्याधुऱ्याने माती तपासली, उन्हाळ्यात विहिरींचं पाणी मोजलं, तर आपणच त्यांना भाकरी घालू.

आणि बियाणं. पोरं घराघरांतून हुरड्याच्या वाणी ज्वारीची कणसं मागून नेतात. द्यायला हरकत नाही. पण २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाच्या नोंदणीचा हक्क दिला आहे आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावात समिती आणि नोंदवही सांगितली आहे. ती नोंदवही तुमच्या ग्रामपंचायतीच्या कोणत्या कपाटात आहे, एकदा विचारून पाहा.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव मांडायचे आहेत.

१. पाण्याचा आणि मातीचा निकाल ज्याचा त्याला, मराठीत, महिन्याच्या आत लेखी मिळावा. पिण्याच्या पाण्यात दोष निघाला तर त्याच दिवशी सांगावं.

२. अहवाल वर पाठवण्याआधी ग्रामसभेत वाचावा. आपलं म्हणणं वेगळं असेल तर ते त्याच अहवालाला जोडावं.

३. वेचणी आणि पेरणीच्या दिवसांत फॉर्म नको. किलोवर वेचणाऱ्या बाईचा तास घ्यायचा असेल तर त्या तासाची मजुरी द्यावी.

४. विद्यार्थ्यांना प्रवास आणि जेवणाचा खर्च केंद्राने द्यावा. फुकट राबवून घेणं आपल्याला नवं नाही, म्हणून पोरांच्याही वाट्याला ते नको.

५. गावाच्या नोंदवहीत शेतकऱ्याचं नाव चढल्याशिवाय देशी वाणाचा एक दाणाही बाहेर जाऊ नये.

६. दरवर्षी निदान एक प्रश्न गावाने द्यावा आणि विद्यार्थ्यांनी त्याचा अभ्यास करावा.

यात अवघड काय आहे? पैसा फार लागत नाही. लागते ती एवढीच समजूत, की ज्याच्याकडून माहिती घेतली तोही माणूस आहे.

बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या गावातल्या कोणकोणत्या विहिरींचं पाणी आणि कोणकोणत्या शेतांची माती आजवर नेली, कोणत्या साली नेली आणि निकाल आला की नाही, याची यादी आणा. ती घेऊन आपण सगळे मिळून केंद्राच्या दारात जाऊ आणि आपले निकाल मागू.