बीट अंमलदार आणि पोलीस पाटील

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावला पोलीस ठाणे आहे. अशा ग्रामीण ठाण्याची हद्द बीटांत वाटलेली असते. एका बीट अंमलदाराकडे अनेक गावे. रोज प्रत्येक गावात जाणे त्याला शक्य नसते, त्यामुळे खबर येते ती बहुधा पोलीस पाटलाकडून. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला हा मानधनावरचा माणूस. पारावर रात्री कोण पिऊन धिंगाणा घालतो, बांधावरून कुणाची कुरबुर चालू आहे, हे त्याला ठाण्याच्या आधी कळते. अडचणही तिथेच: तक्रार ज्याची करायची तो भावकीतलाच निघतो.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने निवडलेली समिती तडजोडीला पात्र असे तंटे गावातच मिटवते. गावे पुरस्कारासाठी हिरिरीने उतरली, हे खरे. पण बक्षिसाच्या ओढीने मिटवलेला तंटा किती टिकतो, ही शंका रास्तच.

दारूचे दुखणे वेगळे. हातभट्टीवर धाड पडते, सडवा ओतला जातो, आठवड्याभरात भट्टी पुन्हा पेटते. म्हणून दारूबंदी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने गावकऱ्यांच्या ग्रामरक्षक दलाची तरतूद केली. परवानाधारक दुकान मात्र महिलांच्या मतदानाने, म्हणजे ‘आडव्या बाटली’ने, बंद होऊ शकते.

सराईत उपद्रव्यांवर आधी प्रतिबंधक कारवाई, म्हणजे बोलीभाषेतली ‘चॅप्टर केस’, होते. तिलाही न जुमानल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची हद्दपारी.