रायफलीची रंगरंगोटी
अमेरिकेत शिकारीच्या रायफलीला हवा तो रंग चढवून घेण्याची भारी हौस. आधी तेलाचा अंश काढायचा, बारीक खड्यांच्या माऱ्यानं धातू खरबरीत करायचा, मग सेराकोटसारखा सिरॅमिक लेप फवारून भट्टीत साधारण १२० अंश सेल्सियसला पक्का करायचा. कॅमोफ्लाज हवं तर स्टेन्सिल लावून एकेक छटा. गिऱ्हाईक भाळतं ते पानांच्या नाजूक नक्षीवर. लांबून ती नक्षी मिसळून एकच काळपट डाग दिसतो. नळीची सरळ रेघ मोडायला फिकी-गडद मोठी ठिगळंच लागतात. एवढं करून, बऱ्याच राज्यांत बंदुकीनं हरीण मारायला जाताना अंगावर भडक नारिंगी घालणं सक्तीचंच! ते दुसऱ्या शिकाऱ्याला आपण दिसावं म्हणून. हरणाला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही; त्याच्या डोळ्यांत भरते ती निळी जीन्स.